कालप्रवासाची बालकादंबरी: १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर. खर्डा कुठे चुकतोय?

कोरी_पाटी

९ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी छोटी कादंबरी लिहितेय, खर्डा साधारण १२ हजार शब्दांचा झालाय. डोंबिवलीची दोन भावंडं, सई (११) आणि ओम (९), सीएसएमटीच्या गर्दीत आईबाबांपासून सुटतात. स्टेशनातल्या एका दगडी दारातून बाहेर पडतात ती थेट १६ एप्रिल १८५३ च्या बोरीबंदरावर. तिकीट काढून पहिल्या आगगाडीत बसतात, ठाण्याला उतरतात आणि तिथून परत आजच्या काळात येतात.

पहिली तीन प्रकरणं मुलं मन लावून ऐकतात. चौथ्यात नाना शंकरशेट भेटतात, रेल्वे कशी आली ते समजावून सांगतात आणि ऐकणाऱ्यांची चुळबुळ सुरू होते. दुसरी अडचण भाषेची. जुन्या काळची माणसं 'बाळांनो, आपण कोठून आलात?' असं बोलतायत आणि ते गॅदरिंगच्या नाटकासारखं वाटतं. तिसरी तपशिलांची. चित्रकाराने मुखपृष्ठासाठी खाडीपुलावरून धूर सोडत जाणारी गाडी रंगवायला घेतली आहे. छापायच्या आधी चुका कळल्या तर बऱ्या. 'गोष्टच आहे, चालतं' हे उत्तर नको.

रुळांच्या_कडेने

चित्रकाराला आजच फोन करा. ठाण्याची खाडी ओलांडून कल्याणपर्यंत गाडी सुरू झाली ती १ मे १८५४ ला. १६ एप्रिल १८५३ ला रूळ खाडीच्या अलीकडेच संपत होते. 'पहिली रेल्वे' म्हणून पुलावरच्या गाडीचं जे चित्र सगळीकडे फिरतं ते त्यानंतरचं आहे, आणि मुलांची पुस्तकं हमखास तिथेच फसतात.

दगडी दारही गेलं. आजच्या इमारतीचं बांधकाम १८७८ ला सुरू झालं. १८५३ चं बोरीबंदर स्टेशन म्हणजे साधं लाकडी काम. जवळपासचं ओळखीचं काहीच नाही: क्रॉफर्ड मार्केट १८६९, राजाबाई टॉवर १८७८, महापालिकेची इमारत १८९३, फ्लोरा फाउंटन १८६४. उलट किल्ल्याची तटबंदी जागेवर आहे, ती १८६२ नंतर पाडायला घेतली. दार हवंच असेल तर तेव्हाही होतं आणि आजही आहे असं घ्या. सेंट थॉमस कॅथेड्रल (१७१८) किंवा टाउन हॉल (१८३३, आजची एशियाटिक लायब्ररी). दोन्हीकडून बाजार गेटमार्गे बोरीबंदर दीड किलोमीटरच्या आत येतं. मुलांना पळत जायला एक प्रकरण आयतं मिळतं.

तिकीट. १६ ला शनिवार होता आणि ती गाडी निमंत्रितांची होती, १४ डबे, सुमारे ४०० पाहुणे. सर्वसामान्यांसाठी गाडी सुटली सोमवारी, १८ ला. म्हणजे तुमची मुलं तिकीट काढूच शकत नाहीत. याचं वाईट वाटून घेऊ नका. डोळ्यांसमोर गाडी उभी आहे आणि चढता येत नाही, यापेक्षा चांगलं चौथं प्रकरण कुठलं?

बाकीचं भराभर. तीन इंजिनं जोडलेली होती, त्यांची नावं साहिब, सिंध आणि सुलतान अशी सांगतात. तोफांची सलामी २१, बँड गव्हर्नरचा, पण खुद्द गव्हर्नर लॉर्ड फॉकलंड हजर नव्हते. अंतर २१ मैल, म्हणजे ३४ किलोमीटर. रुळांची रुंदी साडेपाच फूट, आजच्या लोकलच्या रुळांइतकीच. वर तारा नाहीत, खांब नाहीत. मुंबईत विजेची गाडी आली १९२५ ला. आणि 'भारतातली पहिली रेल्वे' लिहू नका, 'पहिली प्रवासी गाडी' लिहा. मालासाठीची रेल्वे मद्रासजवळ १८३७ लाच धावली होती आणि रुरकीला १८५१ ला वाफेचं इंजिन माती वाहत होतं.

एक नेहमीचा प्रसंग टाळा: इंजिन बघून लोक घाबरून पळतात. मुंबईकरांनी इंजिन पहिल्यांदा पाहिलं ते १८५२ ला, रुळांच्या कामावर. त्याच वर्षी नोव्हेंबरात ठाण्यापर्यंत चाचणीची फेरीही झाली. १६ एप्रिलची गर्दी भेदरलेली नव्हती, जत्रेला यावी तशी आलेली होती.

कात्री_आणि_डिंक

चौथ्या प्रकरणाबद्दल. प्रश्न नानांचा नाही, त्यांच्या हातात खडू दिलात त्याचा आहे. मुलांच्या ऐतिहासिक गोष्टींत ही चूक इतकी सरसकट दिसते की तिच्यासाठी एक साधी चाचणी ठेवा. माहितीच्या प्रत्येक वाक्याला विचारा: हे काढलं तर सई-ओमचा पुढचा निर्णय बदलेल का? बदलत नसेल तर ते वाक्य गोष्टीतून उचला आणि शेवटच्या टिपणात टाका. वर रुळांच्या_कडेने यांनी दिलेल्या यादीतलं 'निमंत्रितांची गाडी' हे चाचणीत पास होतं. 'रुळांची रुंदी साडेपाच फूट' नापास, ते कितीही रंजक असलं तरी.

नानांना ठेवा, पण वीस फुटांवर. तेव्हा ते पन्नाशीचे होते. पाहुण्यांच्या घोळक्यात दिसतात, लोक वाट करून देतात, एवढं बास. मुलांशी बोलायला मुलांच्या वयाचं कोणीतरी लागतं आणि त्याला स्वतःचं काम लागतं. गाडी वाटेत सायनला इंजिनात पाणी भरायला थांबली होती. म्हणजे तिथे पाणी वाहणारी माणसं असणार. एक पाणक्या पोरगा घ्या, त्याला गोंदा म्हणा. त्याला सायनला पोचायचंय, कारण वेळेवर पोचला नाही तर मजुरी बुडणार. रेल्वेचा इतिहास त्याला ठाऊक नाही आणि तो सांगणारही नाही. पण रुळांच्या कडेने कुठून जाता येतं, मुकादम कुठे उभा असतो, कुठला डबा शेवटचा, हे सगळं त्याला पाठ आहे. अशी माहिती मुलं कान टवकारून ऐकतात, कारण ती लगेच वापरायची असते.

नमुना म्हणून चार ओळी लिहून बघितल्या:

'ओमने अक्षरं जुळवली. टी, ए, एन, एन, ए, एच. "ताई, ही आपली गाडी नाहीये. ही टॅनाला जाते."
"टॅना कुठंय?"
गोंदा हसला. "ठाणं ठाऊक नाही? मग चाललात कुठं?"'

इंग्रजीत तेव्हा ठाण्याचं नाव तसंच लिहायचे. समजावणारं वाक्य एकही नाही, तरी इंग्रज सरकार, बदललेलं स्पेलिंग, परकेपण, सगळं येऊन गेलं.

मोजमापाचं: या वयाला ८०० ते १००० शब्दांचं प्रकरण बरं पडतं, म्हणजे तुमची १२ ते १५ प्रकरणं होतात. १८५३ मध्ये पाऊल दुसऱ्या प्रकरणाच्या शेवटापर्यंत पडलंच पाहिजे. एका प्रकरणात अनोळखी शब्द पाच-सहाच्या वर नकोत, आणि तेही हाताला लागणाऱ्या वस्तूंचे असावेत.

प्रवासाचे नियम तीन, आणि ते पहिल्या तीन प्रकरणांतच वाचकाला कळलेले. कुठून जाता येतं, सोबत काय जातं, परत यायची मुदत काय. मधेच चौथा नियम काढलात की मुलं पकडतात. मोठी माणसं सोडून देतील, मुलं नाही.

कोरी_पाटी

टॅना वाचून हसू आलं, वापरू का? नियम आत्ताच ठरवते: दोन्ही काळांत उभ्या असलेल्या इमारतीतूनच जाता-येता येतं, अंगावरच्या वस्तू सोबत येतात, सूर्य मावळायच्या आत परतायचं. ओमच्या हातात घड्याळ आहे. गाडी ३ वाजून ३५ मिनिटांनी सुटली हे सईला शाळेच्या प्रकल्पामुळे माहीत असतं, ते ठीक ना?

कात्री_आणि_डिंक

वापरा की, बिनधास्त.

पंचांगवाला

घड्याळ असेल तर त्याचा उपयोग करा, नाहीतर काढून टाका. भारतीय प्रमाणवेळ १९०६ ची. १८५३ ला मुंबई स्वतःच्या स्थानिक वेळेवर चालायची आणि ती आजच्या वेळेपेक्षा ३९ मिनिटं मागे. हिशेब सोपा आहे: प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची, मुंबई बहात्तर पूर्णांक आठ दशांशच्या आसपास, फरक पावणेदहा अंशांच्या जरा खाली, आणि दर अंशाला ४ मिनिटं.

दिवस बदलतो पण सूर्याची जागा बदलत नाही असं धरलंत, तर ओमच्या घड्याळात ३:३५ झाले तेव्हा स्टेशनच्या घड्याळात २:५६ असणार. ओम ३:५० बघून रडकुंडीला येतो, 'गेली गाडी'. सई सावलीकडे बघते, गर्दीकडे बघते, लोक अजून येतायत. प्रत्यक्षात २४ मिनिटं शिल्लक आहेत. तोफा सुरू झाल्या की दोघं उठून पळत सुटतात. दिशा मात्र उलटी करू नका. त्यांचं घड्याळ पुढे आहे, त्यामुळे त्यांना उशीर झाल्याचा भास होतो. उलटं लिहिलंत तर एखादी सहावीतली मुलगी पत्र पाठवेल.

सूर्यास्त: एप्रिलच्या मध्यात आजच्या घड्याळाने पावणेसात ते सातच्या दरम्यान, म्हणून तिथल्या घड्याळात सव्वासहाच्या सुमारास. शके १७७५, चैत्र शुद्ध पक्ष. पाडवा होऊन आठवडा झालेला, रामनवमी तोंडावर. चंद्र साधारण अर्धा, म्हणजे दिवेलागणीला डोक्यावर. चित्रकाराने पौर्णिमेचा चंद्र काढू नये. मुंबईत गॅसचे दिवे १८६५ चे, त्यामुळे संध्याकाळच्या चित्रात ओळीने दिवेही नकोत.

हवा चैत्राची. सायन-कुर्ल्याकडची भातखाचरं कापून कोरडी पडलेली, खारटाण, माडताडाची झाडं. हिरवीगार शेतं रंगवण्याचा मोह आवरा.

मोडीची_वही

भाषेबद्दल. १८५३ चं मुंबईतलं बोलणं आजच्या मुलाला कळेल असंच होतं. 'आपण कोठून आलात' ही छापील भाषा, तीही पुढच्या काळातल्या ऐतिहासिक नाटकांनी कानाला लावलेली. गोंदा 'कुठनं आलास रे?' असंच म्हणेल. फरक दाखवायचा तर शब्द घालून नाही, काढून दाखवा. त्या काळच्या माणसांच्या तोंडी 'प्रॉब्लेम', 'टाइम', 'सॉरी' नको. 'व्यवस्थापन', 'वाहतूक कोंडी' असले पाठ्यपुस्तकी शब्दही नकोत. वेळ 'घटकाभर', 'दिवस कलायच्या आत', 'तिसऱ्या प्रहरी' अशी येऊ द्या. घटका म्हणजे २४ मिनिटं. (वर शिल्लक राहिली तेवढीच! पंचांगवाल्यांनी मुद्दाम केलं असेल तर सलाम.)

शिवाय ती मुंबई आहे. गर्दीत गुजराती, हिंदुस्थानी, कोकणी कानावर पडायलाच हवी. सगळेच्या सगळे शुद्ध मराठी बोलत असतील तर ती पुण्यातली गल्ली वाटेल.

खरा अडथळा बोलण्यात नाही, वाचण्यात आहे. छापील मजकूर बाळबोधीत, म्हणजे आजच्या देवनागरीत, पण हाताने लिहिलेला मोडीत. गोंदाने सईच्या हातात मुकादमाची चिठ्ठी दिली, तर तिला एक अक्षर लागणार नाही, आणि तिला तर मराठी वाचता येत असल्याचा अभिमान! मोडीत आधी आडवी रेघ ओढतात, मग तिच्याखाली अक्षरं. शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत. 'आपलीच भाषा आणि आपल्यालाच वाचता येईना' हा धक्का मुलांना फार आवडतो. पुस्तकात चिठ्ठीचं चित्र छापणार असाल तर मोडी जाणणाऱ्याकडून बोरूने लिहून घ्या. संगणकावरचा मोडी फॉन्ट वापरला तर अक्षरं सुटी सुटी पडतात आणि लपेट जातो.

पैसे. कंपनी सरकारचा १८४० चा रुपया चांदीचा, सुमारे साडेअकरा ग्रॅमचा. एका बाजूला व्हिक्टोरिया राणीचं डोकं, दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनीचं नाव. रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे किंवा १२ पै. ओमच्या खिशातलं दहाचं दोन धातूंचं नाणं चणेवाल्याला दाखवलं की काय होईल ते लिहा. त्याच्यावर साल आहे हे विसरू नका, कारण वाचक विसरणार नाही.

आणि 'राणीचं राज्य', 'व्हाइसरॉय' हे १८५८ नंतरचं. तेव्हा राज्य कंपनीचं.

दोन_वेण्या

सईकडे कोणी बघितलंच नाहीये अजून. अकरा वर्षांची मुलगी, उघडं डोकं, कदाचित जीन्स, कापलेले केस, आणि सोबत मोठं कोणी नाही. १८५३ ला तिला भावासारखं मोकळं फिरता येणार नाही. पहिला प्रश्न येईल 'सासर कुठलं?' हे टाळलंत तर गोष्ट खोटी होते. त्यावर भाषण केलंत तर चौथ्या प्रकरणाची गत होते. तिला एक लुगडं किंवा पांघरायला काहीतरी मिळू द्या आणि त्यात पळता येत नाही एवढंच दाखवा. ओमलाही टोपी किंवा मुंडासं लागेल, बोडक्या डोक्याचा मुलगा नजरेत भरतो.

ती वाचते हेही लोकांच्या भुवया उंचावणारं, पण अशक्य नाही. स्टुडंट्स सोसायटीने मुंबईत मुलींच्या शाळा १८४९ ला काढल्या होत्या, पुण्यात फुल्यांची शाळा १८४८ ची. कोणी बाई कुजबुजत विचारू शकेल, 'त्या शाळेतली का गं तू?' एका वाक्यात काम होतं.

पाण्याचा प्रसंगही घाला. मुलांना तहान लागणारच, एप्रिल आहे. घरोघरी नळ नाहीत. विहार तलावाचं पाणी यायला १८६० उजाडलं. विहिरीवर गेल्यावर कोणीतरी विचारेल, 'कोणाचे रे तुम्ही?' ओम म्हणेल, 'आईचे.' विचारणारा हसणार नाही, पुन्हा विचारेल. सईला कळतं की हा प्रश्न नावाचा नाही. इथे थांबा. जात हा शब्दही लिहावा लागत नाही, आणि घरी मुलं विचारल्याशिवाय राहत नाहीत. मग गोंदा कुठलं पाणी पितो हे तुम्हाला ठरवावंच लागेल. तो पाणक्या आहे, तेव्हा त्याच्या हातचं पाणी कोणाला चालतं हे आधी पक्कं करा, नाहीतर दोन प्रकरणांत दोन उत्तरं निघतील.

खाण्यात वडापाव, साबुदाणा, कटिंग चहा नको. चणे, कुरमुरे, गूळ, कैरी, केळी, शहाळं यांत काहीच धोका नाही.

रुळांच्या_कडेने

गाडीला किती वेळ लागला त्यावर भांडण होईल म्हणून आधीच सांगतो. ५७ मिनिटं आणि सव्वा तास, दोन्ही छापलेलं सापडतं. गोष्टीत आकडा देऊच नका. 'सायनला थांबून, ऊन कललं तेव्हा ठाणं आलं' पुरे. शेवटच्या टिपणात दोन्ही आकडे द्या आणि खाली लिहा की आजची धीमी लोकलही जवळजवळ तासच घेते. मुलांना हे जाम आवडतं.

डब्यांत एका टोकापासून दुसऱ्या टोकाला आतून जाता येत नसे, दारं बाजूला. म्हणजे 'लपत छपत डब्यातून डब्यात' हा पाठलाग बाद. चढायचं तर गाडी उभी असताना, बाहेरूनच. गोंदाच्या मदतीने सायनला, पाणी भरताना, हे सगळ्यात पटणारं. तोपर्यंत मुलं सायनला कशी पोचली? बैलगाडीने, तीही आधी निघालेल्या. नाहीतर पहिल्यापासून पाहुण्यांच्या नोकरांच्या गर्दीत मिसळून चढू द्या. दुसरं सोपं, पहिलं जास्त मजेचं, पण त्यासाठी तुमचं दार सकाळी उघडायला हवं आणि मग घड्याळाचा प्रसंग बोरीबंदरावरून सायनला न्यावा लागेल.

कोरी_पाटी

घड्याळ सोडवत नाही. नोकरांच्या गर्दीतून चढवते. गोंदाही सायनला जायला तसाच चढेल. परतीचं दार ठाण्यात कुठलं घेऊ? ठाणे स्टेशनच धरलं होतं, ते आता नियमात बसत नाही.

पंचांगवाला

कौपिनेश्वर मंदिर. तेव्हाही होतं, समोर मासुंदा तलाव तेव्हाही होता. स्टेशनपासून मुलांच्या चालीने पाव तास धरा. पाहुण्यांची मेजवानी ठाण्यात तंबूंत झाली, तिथून सगळ्यांची नजर चुकवून निघायचं. सव्वासहाला सूर्यास्त, म्हणजे धावपळीला पुरेसा वेळ आहे आणि रेंगाळायला नाही.

दोन_वेण्या

एक राहिलं. मुलं डोंबिवलीची आहेत ना? ठाण्याला उतरल्यावर ओम सवयीने म्हणणारच, 'आता पुढची गाडी.' पुढे खाडी आहे, पूल नाही, रूळ नाहीत, आणि घर पलीकडे पंधरा किलोमीटरवर.

कोरी_पाटी

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. चित्रकाराला सांगते: मुखपृष्ठावर खाडीच्या अलीकडे संपलेले रूळ आणि त्यांच्या टोकाशी पाठमोरी उभी दोघं.

रुळांच्या_कडेने

पलीकडच्या काठावर विजेचे खांब काढणार नाही, एवढं बघा.